पोलीस ठाण्याची पायरी
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



रौप्यमहोत्सवानिमित्त मी दोन शब्द बोलावेत असं ठरलं, तेव्हा बहुतेकांना वाटलं की मी ठेवी, व्याज, नॉमिनेशन, मृत्युपत्र यांवर बोलणार. बँकेत जन्म गेलेला माणूस दुसरं काय बोलणार! पण मी विषय दिला पोलीस. त्याचं कारण सांगतो. आपल्या सोसायटीतली आणि आजूबाजूची मुलं-मुली पहाटे रस्त्यावर धावताना आपण सगळेच पाहतो. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. आणि आपण मोठी माणसं मात्र 'शहाण्याने कोर्टाची आणि पोलीस ठाण्याची पायरी चढू नये' असं म्हणत आयुष्य काढलं. ज्या खात्यात मुलगा लागावा म्हणून आपण नवस बोलतो, त्याच खात्याच्या दारात जायला आपल्याला भीती वाटते. या विसंगतीबद्दल मला बोलायचं आहे.

ही भीती आजची नाही, तिला इतिहास आहे, आणि तो आपल्याच तालुक्याचा आहे. देवगावचे आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे आपल्याला माहीत आहेत. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. पण ते बंडाकडे कसे वळले याची जी हकिकत आपल्याकडे सांगतात, ती ऐकण्यासारखी आहे. राघोजी स्वतः इंग्रजांच्या पोलिसांत होते. राजूर भागाच्या पोलीस अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली. मुलूख माहीत, माणसं माहीत, डोंगरातल्या वाटा माहीत, तेव्हा जागा राघोजींना मिळणार असं सगळे धरून चालले होते. नेमणूक झाली दुसऱ्याची. बंडाला सावकारी, जमिनी जाणं अशी मोठी कारणं होतीच. पण त्या एका नेमणुकीचा घाव लोकांनी अजून लक्षात ठेवला आहे.

दुसरं उदाहरण शेजारचं. संगमनेरहून नाशिकला जाताना नांदूर शिंगोटे लागतं. तिथले भागोजी नाईक हेही आधी नगर जिल्ह्याच्या पोलिसांत अधिकारी होते. पुढे त्यांना शिक्षा झाली, सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला, आणि १८५७ साली त्यांनी भिल्लांना घेऊन बंड पुकारलं. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोट्याजवळच्या चकमकीत नगरचे पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री मारले गेले. पुढे १८५९ मध्ये भागोजींना ज्यांनी गाठलं ते फ्रँक सौटर १८६४ साली मुंबईचे पोलीस कमिशनर झाले.

आता गंमत बघा. राघोजींना फाशी देऊन दहा वर्षं व्हायच्या आत, १८५७ च्या अखेरीस, तेच सरकार याच डोंगरांत माणसं शोधत आलं. कॅप्टन नटॉल नावाच्या अधिकाऱ्याने महादेव कोळ्यांची पलटण उभी केली. ही पलटण १८६१ साली मोडली. काही थोडे जण पोलिसांत गेले, बाकीचे परत शेतीला लागले. म्हणजे परक्या सरकारलासुद्धा शेवटी कळलं की या मुलखाचा बंदोबस्त या मुलखातल्या माणसांशिवाय होत नाही. पण त्यांनी ते फक्त आपल्या कामापुरतं वापरलं. लोकांवर वचक ठेवायला पोलीस, ही त्यांची कल्पना. ती कल्पना स्वातंत्र्यानंतरही आपल्या डोक्यातून पुरती गेली नाही. पोलिसांच्याही नाही आणि आपल्याही नाही.

मग ती बदलते का? बदलते. मला माहीत असलेलं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. भिवंडी हे यंत्रमागाचं शहर. तिथे १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली भयंकर दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून गेले. त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. शहरभर सत्तरच्या आसपास समित्या. त्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही, आणि नुसते पुढारी नव्हेत, तर दुकानदार, शिक्षक, कामगार अशी साधी माणसं. प्रत्येक समितीशी पोलीस ठाण्यातला माणूस जोडलेला. बैठका नेमाने होत. नळावरचं भांडण असो, रस्त्यावरची छेडछाड असो, छोट्या गोष्टी तिथेच बोलून मिटवायच्या.

एरवी शांतता समितीची बैठक कधी होते? सण तोंडावर आला, मिरवणूक निघायची असली की होते. चहा होतो, फोटो होतो, माणसं घरी जातात. खोपड्यांनी उलट केलं. गडबड नसताना ओळख करून ठेवली. डिसेंबर १९९२ आला. बाबरी मशीद पडली, मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी मिळून नऊशे माणसं गेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. आणि ज्या भिवंडीचं नाव घेतलं की लोकांच्या अंगावर काटा यायचा, ती भिवंडी शांत राहिली. अफवा उठल्या तेव्हा खरं काय हे विचारायला लोकांना ओळखीचा पोलीस होता, आणि कुठे काय शिजतंय हे सांगायला पोलिसांना ओळखीचे लोक होते. ज्यांना खोलात जायचं असेल त्यांनी खोपडे यांचं 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हे पुस्तक वाचावं. पुढे १९९४ मध्ये मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे अशी मंडळी तिच्यात होती.

आमच्या बँकेच्या भाषेत याला केवायसी म्हणतात. कर्ज मागायला आल्यावर माणूस ओळखून उपयोग नसतो, तो आधीपासून माहीत असावा लागतो. नेतृत्व म्हणून मी जे समजतो ते हेच. बुलेटवर फिरणारा, सिनेमात शोभेल असा साहेब आपल्याला आवडतो. पण त्याची बदली झाली की त्याचा दरारा त्याच्याबरोबर जातो. माणसं जोडून दिलेली असली तर साहेब गेला तरी ती जोडणी मागे राहते. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आपल्या तालुक्यातल्या खेड्यांतूनही समित्या झाल्या. जिथे समितीतली माणसं चांगली होती तिथे बांधाची, वाटेची भांडणं गावातच मिटली. जिथे समिती कागदावर राहिली तिथे बक्षिसाची पाटीच तेवढी उरली.

आता भरतीबद्दल बोलतो, कारण मागे उभे आहेत त्यांना त्याचीच उत्सुकता आहे. शिपाई भरतीला बारावी पास लागतं. खुल्या गटाला वय १८ ते २८, मागास प्रवर्गांना ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावणं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मग लेखी परीक्षा १०० गुणांची, मराठीतून. गणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण. मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत. दोस्तांनो, हिशेब बघा. मैदानाचे पन्नास, लेखीचे शंभर. आणि पहाटे दोन तास धावणाऱ्या मुलांपैकी किती जण संध्याकाळी दोन तास गणिताला बसतात? आपल्या भागातली मुलं डोंगर चढून वाढलेली, मैदानात ती कमी पडत नाहीत. गाडी अडते ती लेखीला.

आणि आई-वडिलांना एक कडू गोष्ट सांगतो. मी नोकरीत असताना एक शेतकरी ठेव मोडायला आला होता. मुदत पुरी व्हायला थोडेच महिने राहिले होते. कशाला मोडता विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "पोराच्या भरतीचं बघायचंय, एका माणसाने शब्द दिलाय." मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि एकच प्रश्न विचारला, "तो माणूस पावती देणार आहे का?" तो बराच वेळ गप्प बसला आणि ठेव न मोडता गेला. पण सगळेच थांबत नाहीत. मैदानाचे गुण जाहीर होतात, लेखीची उत्तरतालिका जाहीर होते, तिच्यावर हरकत घेता येते. मग मधला माणूस विकतो काय? त्याची युक्ती साधी असते. दहा जणांकडून पैसे घ्यायचे. त्यातला एखादा स्वतःच्या हिमतीवर लागतो, त्याचे ठेवून घ्यायचे आणि उरलेल्यांना खेटे घालायला लावायचे. कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. आणि समजा पैसे देऊन पोरगं खरंच लागलं, तर पहिल्या दिवसापासून ते वसुलीला बसणार. मग आपण पोलिसांना नावं ठेवायची नाहीत, कारण तो पोलीस आपणच घडवला.

दुसरी कडू गोष्ट. धावणाऱ्यांतले बहुतेक जण लागणार नाहीत. जागा थोड्या आणि अर्ज अफाट, हे गणित आहे. तेव्हा दोन-तीन भरत्यांनंतर पुढे काय, हे आजच ठरवा. पदवी सोडू नका, हातात एखादं कसब असू द्या. वयाची मर्यादा संपल्यावर घरात तोंड लपवून बसणारी मुलं मला बघवत नाहीत. तो काही गुन्हा नाही, एक परीक्षा आहे.

आता आपल्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या, कामाचं. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे साठीच्या वरचा पुरुष किंवा कोणतीही स्त्री साक्षीदार असेल, तर तिला राहत्या घराखेरीज दुसरीकडे हजर व्हायला भाग पाडता येत नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी जवळच्या ठाण्यात नोंदवता येतो. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. हे माहीत असलं की पायरी निम्म्याने उतरते.

आणि फोनवरची ती 'डिजिटल अटक'. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसतो, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय म्हणतो, कोणाला सांगू नका म्हणतो आणि पैसे दुसऱ्या खात्यात टाकायला लावतो. मंडळी, असली अटक कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसे मागत नाहीत. हे चोर आपल्या त्याच जुन्या भीतीवर जगतात. बीट अंमलदाराला चेहऱ्याने ओळखणारा माणूस फोन ठेवेल आणि त्याला विचारेल. फसवणूक झालीच तर लाजेने दोन दिवस घालवू नका. लगेच १९३० ला फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, जितक्या लवकर कळवाल तितकी ते वाटेत अडवण्याची आशा. इतर कोणत्याही अडचणीला ११२.

आणखी एक सांगू का? राग मानू नका. आपल्या गावात पोलिसाला भाड्याने खोली द्यायला लोक का-कू करतात. अगस्तीच्या यात्रेत महाशिवरात्रीला तो दिवसभर उभा असतो. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या घाटात रात्रभर गाड्या हाकतो. आपण दिवाळीचा फराळ करतो तेव्हा त्याची बायको मुलांना घेऊन एकटी असते. त्याला आपण शेजारी म्हणून नको म्हणायचं आणि चोरी झाली की पाच मिनिटांत यायला हवा म्हणायचं, हे न्यायाचं नाही. तो चुकला तर जरूर बोला, लेखी तक्रार द्या, तो आपला हक्क आहे. पण आधी त्याला माणूस म्हणून ओळखा.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मी तीन सूचना लेखी देणार आहे. पहिली, खालचा हॉल संध्याकाळी रिकामा असतो, तो सात ते नऊ भरतीच्या मुला-मुलींना अभ्यासिका म्हणून द्यावा. मुलं बाहेरची असली तरी द्यावा. गणित मी शिकवीन. मराठी व्याकरणाला आपल्याकडे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी नाही म्हणू नये. दुसरी, दर तीन महिन्यांनी आपल्या बीट अंमलदाराला चहाला बोलवावं. तक्रार असो वा नसो, सत्कार-हारतुरे काही नकोत, नुसत्या गप्पा. तिसरी, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करावी, त्यांच्या संमतीने ती ठाण्यात द्यावी आणि एक प्रत सचिवांकडे ठेवावी.

खर्च विजेच्या बिलाचा आणि चहा-बिस्किटांचा. पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी बांधली, रंग दिला, पार्किंगवरून भांडलो आणि मिटवलंही. हे काम त्यापेक्षा सोपं आहे. हात वर करताना एवढा विचार करा, की उद्या आपल्या दारात जो शिपाई येईल तो आज पहाटे आपल्याच रस्त्यावर धावत असेल.