बोडकी कोंबडी

(पेण तालुक्यातल्या बचत गटांच्या आणि महिला मंडळांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘परसातील कुक्कुटपालन व स्त्रियांचे अर्थार्जन’ असं भारदस्त छापलंय. मी काही पशुवैद्य नाही. संघटनेचं काम करते, बायकांच्या तक्रारी ऐकते, तहसील आणि पोलीस ठाण्याच्या खेपा घालते. कोंबडीच्या पिसांबद्दल मला जे कळतं ते मी एक चूक करून शिकले. म्हणून आधी ती चूक सांगते.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. खारेपाटातल्या एका गावातली बाई, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, पदरात दोन मुलं. गाव आणि नाव सांगत नाही, तिला अजून तिथेच राहायचंय. ती हमरापूरच्या बाजूला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जायची. पेणच्या मूर्ती जगभर जातात, पण त्या घासणाऱ्या हातांना बारा महिने काम नसतं हे इथल्या बायांना मी काय सांगायचं? गणपती गेले की हातही रिकामे आणि डबाही रिकामा. मग भातकापणी लागेपर्यंत तिचा संसार चालायचा तो अकरा गावठी कोंबड्यांवर.

दुधाचे पैसे घरमालकाच्या नावावर जमा होतात, भाताचे पैसे सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या हातात पडतात. अंड्याचे पैसे मात्र बाईच्या डब्यात जातात, कारण ते इतके थोडे असतात की पुरुषांना मोजायचा कंटाळा येतो. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. त्यातली काही रवणीला जातात, काही मुलांच्या पोटात जातात, उरलेली विकायची. तेवढ्यावर वह्या, मीठ-मिरची, एसटीचं भाडं निघतं.

त्या वर्षी नवरात्रात तिच्या कोंबड्यांची पिसं गळायला लागली. आधी डोकं आणि मान, मग छाती, मग पाठ. दिवाळीपर्यंत साऱ्या कोंबड्या सोललेल्यासारख्या दिसायला लागल्या. अंडी बंद. अंगणभर पिसं. आणि दीर ओटीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “घरात एक बोडकी होती ती पुरली नाय, आता कोंबड्याही बोडक्या झाल्या.”

हा शब्द आपल्या भाषेत कुठून आला ते तुम्हाला ठाऊक आहे. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं, नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. कष्टकरी जातींत केशवपन फारसं नव्हतंच. पण प्रथा गेली तरी शब्द मागे राहिला आणि सगळ्यांच्या तोंडात बसला. दिराला एवढंच म्हणायचं नव्हतं. तिच्या पायगुणानं घराला लागलंय, भगताकडे जायला हवं, आणि रोगी कोंबड्या मागच्या पडवीत नकोत, पडवी रिकामी कर, अशी ती चढती भाजणी होती. पडवी म्हणजे तिच्या नवऱ्याच्या वाट्याचं घर. पिसं हे निमित्त होतं.

ती माझ्याकडे आली तेव्हा पडवीचं मला लगेच कळलं, तो आमचा रोजचा धंदा. पण कोंबड्यांचं काय करू असं विचारल्यावर मी म्हणाले, “रोग दिसतोय, विकून टाक, निदान भांडणाचं कारण तरी जाईल.” तिनं माझं ऐकलं. स्कूटरवर खुराडं बांधून फिरणाऱ्या कोंबडीवाल्यानं सात कोंबड्या पडेल भावात नेल्या. चार त्यालाही नकोशा झाल्या, इतक्या त्या भुंड्या होत्या.

त्या चार कोंबड्या कातकरी वाडीतल्या एका आजीनं पाहिल्या. तिनं एक कोंबडी काखेत धरली, पंखाखाली फुंकर मारली आणि मला जवळ बोलावलं. “बाय, ही आजारी नाय. पिसां टाकतेय. हे कोंब बघ.” कातडीतून सुईसारखे, निळसर कोंब सगळीकडे वर आले होते. जुनी पिसं कोणी उपटली नव्हती, खालून नवी येत होती म्हणून ती पडत होती. मी शिकलेली बाई, पण कोंबडी हातात घेऊन पाहायचं मला सुचलं नव्हतं.

पुढे मी विचारून, वाचून घेतलं ते असं. कोंबडी वर्ष-दीड वर्षाची झाली की पहिल्यांदा पिसं टाकते, नंतर साधारण दरवर्षी. पावसाळा सरता सरता दिवस लहान होत जातो. आपल्याकडे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सुमारे सव्वादोन तासांचा फरक आहे, आणि दिवस आखडतोय हे कोंबडीचं शरीर ओळखतं. पिसं डोक्याकडून शेपटीकडे क्रमानं जातात. नवा साज यायला दोन ते चार महिने लागतात. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन. अंड्यालाही प्रथिनच लागतं. दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून ती अंडी थांबवते. ती कामचुकार नसते, तिचं दुसरं काम चाललेलं असतं. (बाळंतिणीला ‘घरीच तर असते’ म्हणणाऱ्यांची मला इथे आठवण येते, पण ते असो.)

आणि नेमकं याच वेळी आपण काय करतो? अंडी देत नाही म्हणून दाणा तोडतो. वास्तविक तेव्हाच जास्त हवा. नुसती कणी आणि कोंडा पुरत नाही. आपल्याकडे जवळा स्वस्त मिळतो. तो पाण्यात भिजवून, खारटपणा काढून मूठभर द्या. वाळवी लागलेलं लाकूड फोडून पुढ्यात टाका. आणि त्या दिवसांत कोंबडीला उगाच धरू नका, कोंबात रक्त असतं, दाबला तर दुखतो आणि फुटला तर वाहतो.

त्या चार कोंबड्या पौषात अशा तुकतुकीत झाल्या की दिराच्याच बायकोनं एक मागितली. होळीच्या आधी अंड्यावर आल्या. विकलेल्या सात परत कुठून आणणार? ते नुकसान माझ्या सल्ल्याचं. तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, हे जास्त लागतं.

आता सगळी पिसं अशी आपणहून जात नाहीत, ते ओळखायला शिका. पाठ आणि पंखांचा वरचा भाग तेवढाच उघडा असेल तर कोंबड्याकडे बघा. कोंबड्या चार आणि कोंबडे दोन असले की त्यांच्या पाठी सोलल्या जातात. आठ-दहा माद्यांना एक नर पुष्कळ झाला. पिसांच्या बुडाशी पांढरे पुंजके असतील तर त्या उवांच्या लिखा. पिसवा मात्र खुराड्याच्या फटीत दिवसा लपतात आणि रात्री चढतात, तेव्हा कोंबडीबरोबर खुराडंही धुवायला लागतं. चुलीची थंड राख आणि कोरडी माती एका कोपऱ्यात ठेवा, ती स्वतः लोळून घेते. शेतावरचं फवारायचं औषध कोंबडीला चोळू नका. खुडूक बसलेलीचं पोट उघडं पडतं, तेही नैसर्गिक, अंड्यांना अंगाची ऊब लागते. काहींची मान जन्मतःच उघडी असते, ती जातच तशी.

मानमोडीत पिसं जात नाहीत, मान वाकडी होते, हिरवट शेण पडतं आणि पटापट मरतात. त्याला लस हाच उपाय. २०२५ च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या चिरनेरला, १९३० च्या जंगल सत्याग्रहाच्या त्या गावात, बर्ड फ्लू आढळला तेव्हा आपल्याकडेही प्रत्येक बोडक्या कोंबडीकडे लोक संशयानं पाहू लागले. नुसतं पीस गळणं म्हणजे बर्ड फ्लू नव्हे. एकदम बऱ्याच मेल्या तर मात्र लपवू नका, कळवा, आणि मेलेल्यांना हात लावू नका.

टोचाटोचीचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यात एका गटाची मोडतोड झाली. आपल्या तालुक्यातल्याच एका बचत गटाला योजनेतून तलंगा मिळाल्या, पंचवीस माद्या आणि तीन नर. कागदावर लिहिलं होतं ‘बंदिस्त निवारा’. बायांनी कर्ज काढून चार फूट बाय पाच फुटांचं जाळीचं खुराडं बांधलं आणि कुत्र्या-मुंगसाच्या भीतीनं दिवसभर त्यातच कोंबल्या. वीस चौरस फुटांत अठ्ठावीस जीव! दिवसभर आत ठेवायच्या तर प्रत्येकीला दोन चौरस फूट तरी हवेत. पंधरवड्यात एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. एकीला रक्त आलं, लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात. सहा मेल्या. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, चोची छाटा. चोचीच्या टोकात संवेदना असते, नखासारखी ती निर्जीव नसते. गटातल्या बाया एकमेकींना म्हणाल्या, तुझ्या पाळीला मेल्या, तू दाणा चोरलास. हप्ता थकला, दोघींनी गट सोडला.

१९२१ मध्ये थॉर्लिफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या माणसानं कोंबड्यांमधली टोचण्याची उतरंड लिहून ठेवली, कोण कोणाला टोचते आणि कोण निमूट सोसते याची. तेव्हापासून जगभर हा दाखला माणसांना लावतात. आपल्याकडेही मीटिंगमध्ये कोणी ना कोणी म्हणतंच, “बघा, बाईच बाईची वैरी.” मला हा दाखला अर्धवट वाटतो. उतरंड अंगणातही असते, पण तिथे खालची कोंबडी पळून तुळशीमागे जाऊ शकते. एक टोच बसते आणि विषय संपतो. रक्त निघतं ते जाळीत, जिथे पळायला जागा नाही, उकरायला माती नाही आणि दाण्याचं भांडं एकच. जाळीचं माप कोंबड्यांनी ठरवलं नव्हतं. त्या गटातल्या बायांनीही फारसं ठरवलं नव्हतं, कागदावर माप लिहायचंच कोणी विसरलं होतं.

उरलेल्या बावीस आम्ही दिवसा मोकळ्या सोडल्या, राखणीला पाळी लावली, जखमी वेगळ्या काढल्या आणि हळद-तेलानं लाल रंग झाकला. कोबीचे पाले उंच टांगले, त्यांना टोचत बसू दे. दाण्याची तीन भांडी तीन कोपऱ्यांत ठेवली. टोचणं थांबलं. गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरी नाही आली.

पडवीचं काय झालं असं तुम्ही विचारणार. दिराला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. करणी केली म्हणून बाईला छळणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं तिला राहत्या घरातून असं काढता येत नाही. १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या हिश्शाची ती आणि तिची मुलं वारस आहेतच. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव लावायला सात महिने आणि अकरा खेपा लागल्या. तो मालकीचा पुरावा नव्हे, घरपट्टीची नोंद आहे, पण घरपट्टीची पावती तिच्या नावानं फाटायला लागल्यावर ओटीवरचं बोलणं कमी झालं. अर्जाच्या झेरॉक्सचे पैसे तिनं अंड्यांतूनच दिले, माझ्याकडून घेतले नाहीत.

आता चहा येईल. ज्यांना खुराड्याचं माप हवंय त्यांनी चहानंतर मागच्या आवारात या, मी दोरी आणि खुंट्या आणल्या आहेत. आणि कोणाकडे आत्ता पिसं गळणारी कोंबडी असेल तर उद्या टोपलीत घालून घेऊन या, धरून, फुंकर मारून बघू.