घातांकातील अज्ञात



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर गणित शिकविले. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एक समीकरणच निवडले आहे.

अज्ञात राशी घातांकाच्या जागी जाऊन बसली की विद्यार्थी बिचकतो. २ चा क्ष वा घात ३२ असेल, तर वाट सोपी आहे. ३२ हा २ चाच पाचवा घात. पाया एक, म्हणून घातांकही समान, क्ष बरोबर ५. परंतु पाया जुळत नसेल तर?

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची बाबिलोनियातील एक मातीची पाटी आहे. तिच्यावरील प्रश्न असा : दसादशे २० दराने चक्रवाढ व्याज घेतल्यास मुद्दल किती काळात दुप्पट होईल? म्हणजेच १.२ चा कितवा घात २ होतो? तीन वर्षांत एकाचे १.७२८ होतात, चार वर्षांत २.०७३६. उत्तर या दोहोंमध्ये आहे, हे त्या गणितीने ओळखले आणि चौथ्या वर्षातील वाढ एकसारखी मानून ३.७८७ वर्षे हे उत्तर काढले.

१६१४ मध्ये नेपिअरने लॉगरिदमची कोष्टके प्रसिद्ध केली, तेव्हा घातांकाला खाली उतरविण्याची युक्ती हाती आली. क्ष गुणिले लॉग १.२ बरोबर लॉग २. ०.३०१० ला ०.०७९२ ने भागले की ३.८० वर्षे मिळतात. वाढ आरंभी मंद आणि पुढे वेगवान असते; सरळ रेषा दुपटीपर्यंत किंचित आधी पोहोचते. तरीही त्या प्राचीन उत्तरातील फरक अवघा पाच-सहा दिवसांचा आहे!

हे गणित केवळ परीक्षेपुरते नाही. दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने कर्ज घेणारा मनाशी म्हणतो, शंभराचे दोनशे व्हायला तेहतीस महिने आहेत. पण न फेडलेले व्याज दरमहा मुद्दलात मिळत गेले, तर समीकरण बदलते. १.०३ चा क्ष वा घात २. आणि क्ष येतो सुमारे साडेतेवीस. जवळजवळ दहा महिन्यांची ही तफावत कर्जदाराच्या संसारातून वजा होते.

आज लॉग काढण्यास यंत्राची एक कळ पुरते. म्हणूनच शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, ‘लॉग घ्या’ असे सांगण्यापूर्वी मुलांना विचारावे : उत्तर कोणत्या दोन पूर्णांकांच्या मध्ये असेल? एवढा अंदाज ज्याला बांधता येतो, त्याला यंत्राचे चुकीचे उत्तर फसवू शकत नाही आणि सावकाराचा कागदही सहसा फसवीत नाही.