विमान उतरविताना
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



सातारा-सांगलीच्या मुलामुलींना वैमानिक होण्यासाठी आता फार दूर जावे लागत नाही. फलटणच्या पुढे नीरा ओलांडली की बारामतीला उड्डाणाचे शिक्षण मिळते. परंतु तिकडच्या बातम्याही तुम्ही वाचल्या असतील. 25 जुलै 2022 रोजी एकटी उड्डाण करणाऱ्या विद्यार्थिनीचे सेसना विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळले. ती किरकोळ जखमांवर बचावली. 9 ऑगस्ट 2025 रोजी बारामतीलाच उतरलेल्या एका शिकाऊ विमानाचे पुढचे चाक निखळले. वैमानिक सुखरूप राहिला.

अशी बातमी आली की घरात एकच सूर निघतो: "नको ते विमान!" मुलगी असेल तर तो अधिकच चढतो. ही भीती खोटी नाही. पण तिच्या जोडीला माहिती हवी.

विमान उतरविणे हा शिक्षणातील सर्वांत अवघड धडा होय. विद्यार्थी धावपट्टीभोवती फेरी मारतो, चाके टेकवितो आणि पुन्हा वर जातो. असे कितीतरी वेळा. जमीन चारदोन हातांवर आली की विमानाचे नाक किंचित वर धरून वेग ओसरू द्यायचा असतो, म्हणजे मागची दोन चाके आधी टेकतात. वेग जास्त असला वा घाई झाली, तर विमान चेंडूसारखे उसळते. घाबरलेला विद्यार्थी नाक खाली दाबतो. मग पुढचे चाक आपटते, दुसरी उसळी मोठी बसते, आणि शेवटी चाकाचा दांडा मोडतो, पंखा जमिनीला लागतो.

यावर उपाय एकच. मोठी उसळी बसताच इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, विमान सावरायचे आणि पुन्हा फेरी मारून यायचे. यात कमीपणा नाही. चांगला शिक्षक हे पहिल्यापासून शिकवितो, आणि मुकाट्याने वर गेलेल्या विद्यार्थ्याला शाबासकी देतो.

विमान अपघाताच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय दंडकही ध्यानात ठेवा. चौकशीचा हेतू कोणावर दोष ठेवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे. जिथे चूक सांगितल्यावर बोलणी बसतात, तिथे विद्यार्थी चूक लपवितो. आणि लपविलेली चूक आकाशात जिवावर बेतते.

पालकहो, व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते, आणि खर्च लाखांत जातो. पैसे भरण्यापूर्वी संस्थेत जाऊन विचारा: विमानांची देखभाल कोण करतो? एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? मागे अपघात झाले काय, आणि त्यानंतर काय सुधारले? ऑक्टोबर 2023 मध्ये चार दिवसांत दोन अपघात झाल्यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बारामतीच्या एका संस्थेचे प्रशिक्षण थांबविले होते. म्हणून हे प्रश्न विचारण्यात संकोच नको.

उत्तरे समाधानकारक मिळाली, तर मुलीलाही तितक्याच विश्वासाने पाठवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, पहिल्या प्रयत्नात उतरता आले नाही, तर पुन्हा एक फेरी मारा. धावपट्टी कुठे जात नाही.