प्रकाशाला ऐकू येतं तेव्हा

भोरजवळच्या आंबवड्याला नागेश्वराच्या दर्शनाला जाताना तिथला संस्थानकाळचा झुलता पूल पायाखाली हलतो. तो किती वेगानं हलतो, हे पुलाला काहीही न जोडता काठावरून मोजता येतं. लेझरचा किरण त्याच्यावर टाकायचा आणि उलट आलेला प्रकाश तपासायचा. पूल किरणाच्या दिशेनं सेकंदाला १ मिलिमीटर जरी सरकला, तरी लाल प्रकाशाची वारंवारता सुमारे ३,००० हर्ट्‌झनं बदलते, आणि तेवढा फरक यंत्राला कळतो. आवाजानं थरथरणारी खिडकीची काच अशीच ‘ऐकता’ येते.

पण खरी गंमत आहे ती आपल्या कानांना न ऐकू येणाऱ्या, श्राव्यातीत ध्वनीची. पाण्यात १ कोटी हर्ट्‌झचा ध्वनी सोडला, तर त्याची तरंगलांबी भरते जेमतेम ०.१५ मिलिमीटर. तिथं साधा माइक बुडवून काय उपयोग? तो तरंगाहून कितीतरी मोठा. त्याच्यावर आपटून तरंगच बिघडायचा. प्रकाश मात्र त्याला धक्का न लावता आरपार जातो. ध्वनीमुळे पाण्यात एकाआड एक दाट-विरळ थर होतात. त्यांतून गेलेला लाल किरण फुटतो आणि १ मीटरवरच्या पडद्यावर साधारण ४-४ मिलिमीटर अंतरानं ठिपक्यांची ओळ उमटते. हे अंतर मोजलं की तरंगलांबी कळते, तिला वारंवारतेनं गुणलं की ध्वनीचा वेग.

हे ठिपके १९३२ साली अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये दिसले. पण ते इतके का, आणि ध्वनी वाढवला की मधला मंद होऊन कडेचे का उजळतात, हे उलगडलं बंगळूरला. चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे तरुण सहकारी नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये दाखवलं की, दाट थरातला प्रकाश मागे रेंगाळतो, विरळ थरातला पुढे जातो. सपाट आत शिरलेली प्रकाशलहर पन्हाळी पत्र्यासारखी होऊन बाहेर पडते. रामन म्हटलं की आपण १९२८ च्या ‘रामन परिणामा’च्या शोधावरच थांबतो. हे कामही शाळाशाळांतून तितक्याच अभिमानानं सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा आणि काचेच्या भांड्यातलं रॉकेल घेऊन हाच प्रयोग करतात. विद्यार्थ्यांनो, एकदा रॉकेलऐवजी पाणी घ्या, मग त्यात साखर विरघळवा. ध्वनीचा वेग वाढेल, आणि ठिपक्यांच्या जागी इथं दिसणाऱ्या रेषा एकमेकींच्या जवळ सरकलेल्या दिसतील.