एकट्या पालकाचा हक्काचा तास



एकट्या पालकाने स्वतःसाठी वेळ कसा काढावा, या विषयावर मला दोन शब्द बोलण्यास सांगण्यात आले आहे. मी बँकेत कारकून आहे. पैशाचा हिशेब हे माझे रोजचे काम, तेव्हा वेळेचाही हिशेबच आपणापुढे मांडते. पतीच्या निधनानंतर दोन मुलांना मी एकटीने वाढवीत आहे, म्हणून हा हिशेब अनुभवाचा आहे.

दिवसाचे तास 24. झोपेला 6. बँक आणि जाणे-येणे मिळून 10. पाणी भरणे, स्वयंपाक, डबे, धुणी-भांडी, बाजार यांना 5. मुलांचा अभ्यास आणि त्यांचे दुखणे-खुपणे यांना 2. बेरीज 23. शिल्लक राहिला 1 तास. परंतु मुलाला ताप आला, शाळेत पालकसभा ठरली किंवा नळाला पाणी उशिरा आले की तोही खर्ची पडतो. दोन पालकांच्या घरात एक आडवा झाला तर दुसरा उभा राहतो. एकट्या पालकाच्या जागी उभे राहणारे कोणी नसते. कामाच्या ओझ्यापेक्षा ही गोष्ट माणसाला अधिक थकविते.

केंद्र सरकारने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात आणि पुरुष 97 मिनिटे, असे तीत आढळले. एकटा पालक आई असो वा वडील, त्याच्या घरी ही दोन्ही खाती एकाच नावावर असतात.

आता कोणी म्हणेल, मुलांसाठी झिजणे हेच आईबापाचे कर्तव्य, त्यात स्वतःचा वेळ कशाला? याचे उत्तर शोधताना मला बाबासाहेबांची आठवण होते. फुरसत मिळाल्याखेरीज माणसाला विचाराचे आणि संस्कृतीचे जीवन जगता येत नाही, हा विचार त्यांनी 1945 साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधी यांच्या कार्याची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात मांडला. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असतानाच, 1946 साली, बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी कायद्याची दुरुस्ती झाली. कामगाराला घरी जाण्याचा भोंगा मिळाला. घरात राबणाऱ्याला मात्र असा भोंगा अजून मिळालेला नाही. तो आपणच वाजवावा लागेल.

यात समाजाची नजर आड येते. पत्नी वारलेल्या गृहस्थाला शेजारी आपुलकीने डबा नेऊन देतात, पण त्याच्याजवळ घटकाभर बसून बोलत कोणी नाही. विधवा किंवा परित्यक्ता बाई संध्याकाळी वाचनालयात दिसली, तर पहिला प्रश्न येतो, "मुलं कोणाकडे ठेवून आलीस?" हा प्रश्न ऐकून अनेक भगिनींनी वाचनालयाची पायरी सोडली आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. अशा घरात थोरल्या मुलीला नकळत दुसरी आई केले जाते. दहावीची मुलगी भाकरी थापते, धाकट्याला आंघोळ घालते आणि रात्री पुस्तक उघडून पेंगते. आईला मिळालेला तास मुलीच्या अभ्यासातून वजा झाला असेल, तर तो नफा नव्हे. आमच्या घरी कामे वयाप्रमाणे वाटली आहेत. मुलगा पाणी भरतो आणि भांडी घासतो, धाकटी मुलगी कपड्यांच्या घड्या करते. परीक्षेच्या दिवसांत दोघांनाही सूट असते.

आमच्या वसाहतीत आम्ही तीन घरांनी एक व्यवस्था केली आहे. आठवड्यातील तीन संध्याकाळी, साडेसात ते नऊ, तिन्ही घरची मुले आळीपाळीने एकेका घरी अभ्यासाला बसतात. माझ्या पाळीला माझ्याकडे पाच मुले असतात. उरलेल्या दोन संध्याकाळी तो दीड तास माझा. त्यात मी कधी वाचते, कधी मैत्रिणीकडे जाते, कधी गच्चीवर नुसती बसते. नुसते बसण्याचाही लाभ होतो. नऊ वाजता मुले परत येतात, तेव्हा त्यांचे बोलणे ऐकण्याइतके बळ अंगात असते.

यावरून मंडळापुढे एक सूचना ठेवते. सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्या दोन शनिवारी दुपारी 3 ते 5 आपल्या विहाराची अभ्यासिका एकट्या पालकांच्या मुलांसाठी उघडावी. दोन सभासदांनी आळीपाळीने तेथे बसावे. दुसऱ्या शनिवारी मी बसेन. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी गणित आणि इंग्रजी शिकवावे. महिला व बालविकास विभागाच्या बालसंगोपन योजनेचा लाभ एक पालक असलेल्या मुलांनाही मिळू शकतो. तिचे अर्ज भरून देण्याचे कामही तेथेच व्हावे. यासाठी वर्गणी लागणार नाही, फक्त वेळ लागेल.

आणि ज्या पालकांची मुले तेथे येतील त्यांना माझी विनंती आहे की, त्या दोन तासांत घरची धुणी काढू नका. ते दोन तास तुमचे आहेत.