आधी जागा, मग झाड
(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



पहिल्या रांगेत आपल्या शास्त्राच्या बाई बसल्या आहेत, म्हणून सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. नववीच्या सहामाहीत 'मुळांची कार्ये लिहा' असा प्रश्न होता, तीन मार्कांचा. मी लिहिलं, 'जमिनीतून पाणी व क्षार शोषणे.' बाईंनी एक मार्क दिला आणि शेजारी लाल शाईने लिहिलं, 'आणि झाडाला धरून कोण ठेवतं?' पुढे मी कृषी महाविद्यालयात गेलो, चौतीस वर्षं उद्यान विभागात नोकरी केली. पण बाईंच्या त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला निवृत्तीच्या जेमतेम वर्षभर आधी मिळालं. ते कसं, ते आज सांगणार आहे.

आपण १९७५ ची, दहावीची पहिली बॅच. त्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची बॅचही बाहेर पडली आणि कॉलेजच्या प्रवेशासाठी कशी झुंबड उडाली होती, ते तुम्हाला आठवत असेल. गंमत म्हणजे शहरांतल्या झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदाही १९७५ चाच. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं पूर्ण केलेल्या झाडाला 'हेरिटेज वृक्ष' असा मान मिळाला. त्या हिशेबाने आपल्या बॅचलाही आता परवानगीशिवाय कोणी हात लावू शकत नाही!

आता मुद्द्यावर येतो. आपल्या वर्गातले अकरा जण आज आपल्यात नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी शाळेच्या आवारात अकरा झाडं लावायची, असं समितीने ठरवलं. वर्गणी जमली. ग्रुपवर मतदानही झालं आणि गुलमोहर प्रचंड बहुमताने निवडून आला. साहजिक आहे. मे महिन्यातला रिझल्ट, बाहेर पेटलेला गुलमोहर आणि सायकलवर बसून कोणाची तरी वाट बघणं, हे आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. मात्र त्या निकालाविरुद्ध अपील करायला मी उभा आहे, आणि अपील करण्याचा अधिकार मी चांगलीच किंमत मोजून मिळवलेला आहे.

शाळेच्या फाटकासमोरून जो रस्ता जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना १९८८ साली झाडं लावली गेली. गुलमोहर आणि सोनमोहर, आलटून पालटून. ती निवड माझी होती. रस्ता दोन-तीन वर्षांत हिरवा दिसायला हवा होता, रोपवाटिकेत हीच रोपं हजारोंनी तयार होती, आणि मी तरुण होतो. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. झाडं झपाट्याने वाढली, माझं कौतुक झालं. शाळेच्या एका कार्यक्रमात मला नारळही मिळाला.

२०१६ च्या जूनमधली संध्याकाळ. शाळा सुटून पाऊण तास झाला होता. पहिल्या पावसाआधीचं वादळ आलं आणि फाटकापासून तिसरा गुलमोहर मुळासकट रिक्षावर आडवा झाला. रिक्षावाल्यांचं कमरेचं हाड मोडलं. त्यानंतर त्यांना रिक्षा चालवता आली नाही. पंचनाम्याच्या कागदावर 'कारण' असा एक रकाना असतो. त्यात लिहिलं गेलं, 'नैसर्गिक आपत्ती, सोसाट्याचा वारा.' खाली सही माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच तिथे गेलो आणि उपटलेला बुंधा नीट पाहिला. एका बाजूची मुळं गटार बांधताना तोडलेली. दुसऱ्या बाजूची केबलच्या चरात गेलेली. खोडाला चिकटून पेव्हर ब्लॉक. उरलेली मुळं आतून कुजून भुसभुशीत झालेली, आणि बुंध्याशी अळंबी उगवलेली. ती काही एका रात्रीत येत नाही. त्या झाडाला धरून ठेवणारं काहीच उरलं नव्हतं. बाई, तुमच्या लाल शाईचा अर्थ मला तिथे कळला.

तिथून शंभर फुटांवर, आवारात विहिरीपाशी आपला कडुनिंब उभा होता. तेच वादळ, तोच वारा. त्याच्या चार काटक्या पडल्या होत्या. पण मी निंबाची फार बाजू घेणार नाही, कारण त्याला आजूबाजूला मोकळी माती मिळाली होती आणि गुलमोहराला मिळाली नव्हती. झाड उभं राहतं ते त्याच्या जातीवर आणि आपण त्याला दिलेल्या जागेवर. मी दोन्हीकडे चुकलो.

आधी जातीबद्दल सांगतो. जे झाड भराभर वाढतं, त्याचं लाकूड बहुधा हलकं आणि ठिसूळ असतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळं उथळ पसरतात, फांद्या लांब आडव्या जातात आणि बेचक्यात फाटतात. मोकळ्या माळावर तो एकटा उभा असेल तर त्याच्यासारखं देखणं झाड नाही. गुलमोहर वाईट नव्हे, मी त्याला नको तिथे उभं केलं. मुंबईत ५ ऑगस्ट २०२० ला आणि पुढच्या वर्षी १७ मे रोजी तौक्ते वादळात वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटरची मजल ओलांडली, तेव्हा शेकडो झाडं कोसळली. असे वारे आता वरचेवर येणार आहेत, हे धरूनच झाडं निवडली पाहिजेत.

'मग देशी झाडं लावू या, संपला प्रश्न,' असं ग्रुपवर काहींनी लिहिलंय. दिशा बरोबर आहे, पण प्रश्न तेवढ्याने संपत नाही. तामण हे आपलं राज्यफूल. पण ते झाड कोकणातल्या ओढ्याकाठचं. आपल्या इथल्या मुरमात, उन्हाळ्यात पाण्यावाचून ते रडतखडतच जगेल. कदंबाचंही तसंच, त्याला ओल हवी, आणि तोही झटपट वाढून फांद्या टाकतो. उलट जी चिंच आपण घरचीच समजतो, जिच्याखाली आपण डबे खाल्ले, ती मुळात आफ्रिकेतली. शेकडो वर्षांपूर्वी आली आणि इथल्या दुष्काळाला, वाऱ्याला पुरून उरली. म्हणून झाडाचा जन्मदाखला बघा, पण तो दुसऱ्यांदा. पहिल्यांदा जागा बघा. माती किती खोल आहे, पाणी साचतं की पळतं, वर तारा आहेत का, भिंत किती लांब आहे?

दुसरी गोष्ट मलाही उशिरा उमगली. एक यादी वाचतो. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, सुबाभूळ, काशिद, बहावा, करंज, कांचन, शिरीष, चिंच. आपल्या शहरांतल्या रस्त्यांवर बहुतेक हीच झाडं दिसतात. यांतली काही देशी, काही परदेशी. पण सगळ्यांना शेंगा येतात, सगळी एकाच कुळातली! म्हणजे आपण दहा जाती लावून खूप विविधता केली असं समजतो, आणि प्रत्यक्षात एकाच घरातली दहा भावंडं रांगेत उभी केलेली असतात. एखादी कीड किंवा बुरशी त्या घरात शिरली तर? मुंबईत पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण आला आणि मोठमोठी झाडं उभ्याउभ्या वाळली. अमेरिकेत पूर्वी गावोगावी रस्त्यांवर एल्म नावाची एकच झाडं होती. गेल्या शतकात एक बुरशी आली आणि रस्तेच्या रस्ते बोडके झाले. त्यावरून वॉशिंग्टनच्या वृक्षोद्यानातल्या फ्रँक सॅन्टामूर या शास्त्रज्ञाने १९९० साली एक साधा हिशेब मांडला. शहरात एका जातीची झाडं शंभरात दहापेक्षा जास्त नकोत, एका प्रजातीसमूहाची वीसपेक्षा जास्त नकोत आणि एका कुळाची तीसपेक्षा जास्त नकोत. म्हणून 'सगळे कडुनिंबच लावू' असंही मी म्हणत नाही. तेलंगणात अलीकडे कडुनिंबांचे शेंडे बुरशीने वाळू लागले होते. निंबाचं जर असं होत असेल, तर निर्धास्त कोणाच्या भरवशावर राहायचं?

हा हिशेब शहरासाठी आहे, अकरा झाडांसाठी नाही. तरी मी तो आपल्या अकरांना लावून पाहिला. उत्तर आलं, अकरा झाडं, अकरा जाती. आणि मला वाटलं, हेच बरोबर आहे. आपले ते अकरा जण तरी कुठे एकसारखे होते? त्यांना एका रांगेत, एका रंगात उभं करायचं कशाला?

तर माझी यादी ऐका. गेल्या महिन्यात पहार घेऊन आवारात सात ठिकाणी खणून पाहिलंय, शिपाईमामा साक्षीला आहेत.

रस्त्याकडच्या भिंतीलगत वर विजेच्या तारा आहेत. तिथे लहान राहणारी झाडं हवीत, म्हणून आपटा आणि भोकर. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानं विकतात, आपल्या मुलांना तरी खरा आपटा ओळखता येईल. भोकराचं लोणचं मुख्याध्यापकांकडे पोहोचवायची जबाबदारी माजी विद्यार्थी संघाची. फाटकाच्या आत एका बाजूला बहावा, दुसऱ्या बाजूला बकुळ. बकुळ हळू वाढेल, पण बारा महिने सावली देईल.

वर्गांच्या पश्चिमेला दुपारचं ऊन थेट खिडक्यांत येतं. तिथे कडुनिंब आणि करंज, भिंतीपासून वीस फूट सोडून. करंजाच्या पानांवर गाठी येतात, त्या बघून घाबरू नका, त्याने झाड मरत नाही. मैदानाच्या सखल कोपऱ्यात पावसाचं पाणी साचतं. तिथे अर्जुन आणि जांभूळ. जांभूळ मात्र वाटेपासून लांब, कारण फरशीवर जांभळं पडली की पाय घसरतो. रंगमंचाच्या मागे रिठा. कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे हातभर खाली मुरूम लागतो तिथे बेल. तो काटेरी आहे, पण चिवट. आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, सगळ्यांपासून चाळीस फूट लांब, एक वड.

आता पैशांचं. समितीने जमलेल्या रकमेतली बरीचशी कार्यक्रमाला, संगमरवरी पाट्यांना आणि लोखंडी जाळ्यांना धरली आहे. माझी विनंती आहे की निम्म्याहून जास्त पैसे तीन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठी ठेवा. झाड खड्ड्यात लावलं म्हणजे लागलं असं होत नाही, तीन उन्हाळे काढले की लागलं. रोज तांब्याभर पाणी शिंपडू नका, त्याने मुळं वरच राहतात. आठवड्यातून एक-दोनदा भरपूर द्या, म्हणजे मुळं पाण्यामागे खाली जातात. रोप आणताना पिशवी फाडून मुळं बघा. ती पिशवीत गोल गोल फिरलेली असतील तर ते रोप घेऊ नका. पुढे हाच फास झाडाच्या गळ्याशी बसतो. खड्डा तीन फूट रुंद, तीन फूट लांब, तीन फूट खोल. खोडाचा बुंधा मातीत पुरू नका. आधाराची काठी सैल बांधा आणि वर्ष-दीड वर्षाने काढून टाका. वाऱ्यात थोडं हलल्याशिवाय खोडाला बळ येत नाही, हे आपल्या पी.टी.च्या सरांनाही पटेल. आणि कृपा करून, खोडाभोवती निदान तीन फूट माती उघडी ठेवा. आवार सुशोभित करायला उद्या कोणी देणगीदार पेव्हर ब्लॉक घेऊन आला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

निवृत्तीनंतर मी त्या रिक्षावाल्यांकडे गेलो. त्यांनी मला ओळखलं. मी जे बोलायला गेलो होतो, ते धड बोलता आलं नाही. 'निवड माझी होती,' एवढंच म्हणालो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, "साहेब, त्या जागी आता काय लावलंय?"

त्या जागी काहीच लावलेलं नव्हतं. खड्डा बुजवून वर ब्लॉक बसवले होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचं हे भाषण म्हणजे त्यांना दिलेलं उत्तर आहे, थोडं उशिराचं.

मित्रांनो, गुलमोहर लावला तर चार-पाच वर्षांत फुलेल, आपल्याला बघायला मिळेल, हे मला कळतं. आपण सगळे पासष्टी ओलांडलेले. बकुळीची सावली आणि वडाच्या पारंब्या आपल्यापैकी फार कोणी बघणार नाही. पण विहिरीजवळचा निंब ज्याने लावला, तोही आपल्याला माहीत नाही. त्याच्या सावलीत आपण मात्र सहा वर्षं काढली.

येत्या आषाढात दोन-तीन चांगले पाऊस झाले की एका रविवारी सकाळी या. कुदळी मी आणतो. आणि बाई, तुम्ही नक्की या. माझे दोन मार्क अजून राहिलेत.