घरातील विशेष मूल आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिक्षकाची नोकरी धरली आणि अडतीस वर्षे मुलांच्या सहवासात काढून निवृत्त झालो. तेव्हा जे पाहिले, जे चुकले आणि चुकीतून जे कळले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहोत.

हा विषय कोठून सुचला ते प्रथम सांगतो. आपल्या संस्थेने ज्ञातीतील कुटुंबांची सूची करावयाचे ठरविले, तेव्हा घरोघर जाऊन माहिती गोळा करणाऱ्यांत आम्हीही होतो. एका घरी यजमानांनी पत्रक भरून आमच्या हाती दिले. त्यात अपत्ये दोन, असे लिहिले होते. त्या घरात तीन मुले आहेत हे आम्हांस ठाऊक होते. तिसऱ्याच्या हसण्याचा आवाज आतल्या खोलीतून येतही होता. आम्ही यजमानांकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "गुरुजी, मोठीचं यंदा जमवायचंय." आम्ही पत्रकाची घडी घातली, चहा घेतला आणि बाहेर पडलो. आम्हीही काही बोललो नाही. हे घर कोणते याचा शोध कोणी करू नये. अशी घरे एकाहून अधिक आहेत, आणि प्रत्येकाने आपल्याच मनास विचारावे, एवढीच प्रार्थना आहे.

दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वी स्वतःची चूक कबूल करणे हा धर्म होय. १९८९ सालच्या जून महिन्यात एक माता आपल्या सात वर्षांच्या मुलीस घेऊन आमच्या वर्गाच्या दाराशी आली. ती आपल्याच ज्ञातीतील होती. मुलीचा चेहरा चपटा, डोळे किंचित तिरपे, बोलणे अस्पष्ट. आम्ही तिला दहापर्यंत अंक म्हणावयास सांगितले. तिला ते आले नाही. "वहिनी, हिला शाळेत बसवून काय उपयोग? हिला मोजणे कधी यावयाचे नाही," असे आम्ही इतर मुलांदेखत म्हणालो. ती माउली एक शब्दही न बोलता मुलीचा हात धरून निघून गेली. आम्ही हजेरी घेण्यास सुरुवात केली.

पुढे तीस वर्षांनी, म्हणजे २०१९ साली, दिवाळीपूर्वी पापड घेण्यासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ती मुलगी आता सदतीस वर्षांची झाली होती. तिच्यापुढे एक लाकडी पाट होता आणि त्यावर रंगाने दहा वर्तुळे काढलेली होती. एकेका वर्तुळात ती एकेक पापड ठेवी. दहाही वर्तुळे भरली की गड्डी करून दोरा बांधी. असे पाच गठ्ठे तिने आमच्या पिशवीत घातले. तिच्या आई एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, मोजून घ्या." आम्ही मोजले नाहीत. घरी आल्यावर मात्र मोजल्यावाचून राहवले नाही. पापड बरोबर पन्नास होते.

त्या मुलीस डाउन सिंड्रोम नावाची अवस्था आहे. डाउन नामक इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली तिचे प्रथम वर्णन केले. तिचे कारण १९५९ साली फ्रान्समधील संशोधक लेजून व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या मुलांत २१ व्या जोडीत दोनांऐवजी तीन गुणसूत्रे असतात. म्हणजे एक अधिक. ग्रहणात मातेने भाजी चिरली, कोणाची दृष्ट लागली, पूर्वजन्मीचे पाप फळास आले, असे जे आपल्या घरांतून आजही बोलले जाते, त्यास काडीचाही आधार नाही. मातेचे वय वाढले असता याचा संभव वाढतो हे खरे. तथापि तरुण मातांनाही अशी मुले होतात. यात दोष कोणाचाच नाही.

ज्या भीतीपोटी ही मुले दडविली जातात, त्या विवाहाच्या भीतीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. अशा शंभर मुलांपैकी सुमारे पंचाण्णव मुलांत हे अधिकचे गुणसूत्र वंशपरंपरेने आलेले नसते. तो केवळ योगायोग असतो. थोड्या मुलांत मात्र ते आईकडून वा वडिलांकडून येऊ शकते. यांपैकी आपले मूल कोणत्या प्रकारातील हे त्याच्या गुणसूत्रांच्या रक्ततपासणीने कळते. तेव्हा भावंडांच्या विवाहाची चिंता असेल, तर तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि वरपक्षास वा वधूपक्षास सत्य सांगावे. दडविलेली गोष्ट लग्नानंतर उघडकीस येते, तेव्हा तिने होणारा मनस्ताप फार मोठा असतो. आणि जे स्थळ केवळ एवढ्या कारणाने मोडते, ते मोडले हेच बरे.

आता घरातील वागणुकीविषयी. मूल जन्मल्यावर प्रथम हृदयाची तपासणी करावी. कारण अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. कान, डोळे व थायरॉइड ग्रंथी यांचीही वेळोवेळी तपासणी व्हावी. ऐकूच कमी येत असेल, तर मूल बोलावयास शिकणार कसे? या मुलांचे स्नायू सैल असल्यामुळे बसणे, चालणे उशिरा येते. पण ते येते. पहिल्या वर्षापासून व्यायाम व बोलण्याचा सराव मिळाल्यास पुष्कळ लाभ होतो.

शिकविण्याची रीत आम्ही त्या पापडांच्या पाटावरून शिकलो. ही मुले ऐकलेले लवकर विसरतात. पाहिलेले त्यांच्या अधिक ध्यानी राहते. म्हणून सांगण्यापेक्षा दाखवावे. काम लहान लहान पायऱ्यांत विभागावे. सदऱ्याच्या गुंड्या लावावयास शिकवायचे तर सर्व गुंड्या आपण लावाव्यात आणि शेवटची तेवढी मुलाकडून लावून घ्यावी. ती जमली की शेवटच्या दोन, मग तीन. काम पुरे केल्याचा आनंद त्यास प्रत्येक वेळी मिळतो आणि तो त्याला पुढे नेतो. स्नान, जेवण, अंथरुणाची घडी यांची चित्रे क्रमाने भिंतीवर लावावीत. आपल्या घरांतून प्रेमापोटी एक चूक होते. मूल दहा वर्षांचे झाले तरी आजी त्यास भरविते. ती माया खरी. पण तिने त्याचे हात तसेच राहतात.

शाळेचा प्रश्न याहून कठीण आहे. आपल्या महाराष्ट्रात या कामाचा एक जुना दाखला मुंबईत आहे. वकील दांपत्याच्या जय नावाच्या कन्येस हीच अवस्था होती. तिला दडवून न ठेवता त्यांनी १९४४ साली तिच्यासारख्या मुलांकरिता शाळा काढली. ती जय वकील शाळा आजही चालू आहे. आज कायदाही आपल्या बाजूस आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१७ सालच्या एप्रिलपासून अंमलात आला. त्यानुसार शेकडा चाळीस वा अधिक अक्षमतेचा दाखला असलेल्या मुलास वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आणि ते जवळच्या शाळेत घ्यावयाचे की विशेष शाळेत, हे निवडण्याचीही मुभा आहे. आम्ही १९८९ साली त्या मातेस जे उत्तर दिले, ते आज कोणी शिक्षक देईल तर त्यास तसा अधिकार नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. मात्र शिक्षकाशी भांडून प्रवेश घेतल्याने काम भागत नाही. मुलास पुढच्या बाकावर बसवावे, एका वेळी एकच सूचना द्यावी, चित्रांचा उपयोग करावा, उत्तरास अधिक वेळ द्यावा, अशी चार वाक्ये लिहून शिक्षकाच्या हाती द्यावीत. साठ मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकास उपदेशापेक्षा असा कागद अधिक उपयोगी पडतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

शेवटची चिंता सर्व मातापित्यांची एकच असते: आमच्यामागे याचे कसे होणार? ही चिंता मनात ठेवून झुरण्यापेक्षा वेळीच व्यवस्था करावी. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अशा व्यक्तीस अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावयाचा असतो. कोणत्या भावंडाने भार उचलावयाचा, हे त्या भावंडास विचारून, त्याच्या जोडीदारास सांगून ठरवावे. न विचारता टाकलेले ओझे मनात अढी निर्माण करते.

आता संस्थेस दोन विनंत्या करून आम्ही भाषण संपवितो. पहिली अशी की, दाखला व ओळखपत्र काढण्यासाठी पालकांबरोबर शासकीय रुग्णालयात जाऊ शकतील अशा दोन सेवाभावी सभासदांची नावे संस्थेने जाहीर करावीत. फॉर्म, रांगा आणि फेऱ्या यांना कंटाळून कित्येक पालक अर्ध्या वाटेवरून परततात. आम्ही निवृत्त आहोत. पहिले नाव आमचे लिहावे.

दुसरी विनंती कुटुंबसूचीची. पुढील आवृत्तीच्या पत्रकात प्रत्येक अपत्याचे नाव असावे. शिक्षण नसेल तर तो रकाना रिकामा राहो, पण नाव गाळले जाऊ नये. गुणगौरव समारंभात शेकडा नव्वद गुण मिळविणाऱ्यांचा सत्कार आपण करतो, तो योग्यच आहे. परंतु ज्यास गुणच नाहीत त्याचे नावही नसावे, हे ज्ञातीस शोभणारे नाही.

त्या दिवशी आम्ही जे पत्रक घडी घालून पिशवीत ठेवले, ते काम अपुरे राहिले आहे. पुढील महिन्यात आम्ही पुन्हा त्या घरी जाणार आहोत. यजमान काय म्हणतील हे ठाऊक नाही. पण या वेळी आम्ही चहा घेण्यापूर्वी त्या तिसऱ्या मुलाचे नाव विचारू.